मुक्ताचं त्या दिवसाचं कोडं

काल सकाळी मुक्ताची अंघोळ होईपर्यंत मी तिच्या व्हिडिओ गेममधलं कोडं सोडवून टाकलं. हातात मावणाऱ्या त्या खेळात रोज एक जादा कोडं डाउनलोड होतं. एकच, आणि पुढचं थेट दुसऱ्या दिवशी. हे मला कुठं ठाऊक? उलट ती बाहेर आल्या आल्या मी मोठ्या ऐटीत तिला उत्तरही सांगितलं.

"बाबा, आता शाळेच्या बसमध्ये मी काय सोडवू?" डोक्याला टॉवेल गुंडाळलेली मुक्ता म्हणाली.

मी मनापासून सॉरी म्हटलं. मग दिवसभर ती कोडी पाठवणाऱ्या अनोळखी माणसाचा विचार करत राहिलो. चिवड्याचा डबा उघडला की तळ दिसेपर्यंत मी थांबत नाही; आणि हा गृहस्थ रोज एकच घास वाढून उद्यासाठी थोडी भूक शिल्लक ठेवतो. लेकीची ती भूकच मी खाऊन बसलो होतो.

आज गेमला हात न लावता शहाण्यासारखा पेपर घेऊन बसलो. शब्दकोड्यात पेनानं तिसरा शब्द भरत होतो, तेवढ्यात बायको चहा ठेवत म्हणाली, "लेकीला एका दिवसात सॉरी मिळालं. मी वीस वर्षं कोरं शब्दकोडं हातात येण्याची वाट बघतेय."