गादीवर पहिल्यांदा

चाळीस पूर्ण झाली त्या दिवशी बायकोनं मला बीपी मोजायचं मशीन भेट दिलं. वर गुलाबी चकचकीत कागद, त्याला रिबिन. मी म्हटलं, "अगं, घड्याळ-बिड्याळ काहीतरी द्यायचं." ती म्हणाली, "हेही हातालाच बांधायचंय." मुलगी खो-खो हसत सुटली. मी तिथंच बसून बीपी मोजलं, तर ते वाढलेलं निघालं. आता असं मशीन वाढदिवसाला मिळाल्यावर कोणाचं वाढणार नाही, सांगा!

जळगावात माझं पाईप-फिटिंगचं दुकान आहे. खालच्या रॅकमधला एल्बो काढायला वाकलो की तोंडातून आपोआप "आई गं" निघायला लागलं होतं. आमच्याकडं एरवी जो तो एकमेकाला भाऊ म्हणतो, गिऱ्हाईक असो नाहीतर पोलीस. पण एक दिवस चांगला मिशीवाला, दोन पोरांचा बाप असलेला गडी दुकानात आला आणि म्हणाला, "काका, दीड इंची टी आहे का?" टी समोर टोपलीभर पडल्या होत्या. मी नाही म्हणून सांगितलं. डॉक्टरनं चालायला सांगितलं म्हणून सकाळी मेहरूणच्या तलावावर जायला लागलो, तर तिथं सत्तरीतली म्हातारी माणसं "चला, चला" करत मला मागं टाकून पुढं जायची. चार दिवस गेलो आणि बंद केलं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि मी नेतही होतो. खरी चाळिशी मला मार्चमध्ये भेटली, नानांच्या फोनवर. नाना म्हणजे माझे सख्खे काका, ऐंशीला टेकलेले, आमच्या घराण्यातले आता सगळ्यात मोठे. राहतात जळगावातच, जुन्या गावात. मुलगा धुळ्याला देवपूरमध्ये राहतो, पण नाना तिथं एक रात्र मुक्काम करत नाहीत. धुळ्याच्या पाण्यानं झोप लागत नाही म्हणतात. अर्धं मराठी आणि अर्धं अहिराणी बोलतात, आणि चिडले की सगळंच अहिराणी.

फोनवर म्हणाले, "रविवारी धुळ्याले बैठक शे. नातीचं जमतंय. गाडी घेऊन ये."

नात म्हणजे माझ्या चुलतभावाची मुलगी. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. मुलगा पारोळ्याचा, नोकरीला नाशिकला. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं, दोन-चारदा भेटलेही होते, पसंती होती. आता फक्त चार माणसांनी बसून तारीख ठरवायची होती.

अशा बैठका मी आजवर पंधरा-वीस तरी पाहिल्या असतील, पण सगळ्या दारातून. गाडी चालवत न्यायची, पाण्याचे ग्लास फिरवायचे, चपलांजवळ उभं राहून आतलं ऐकायचं, हे माझं काम. गादीवर वडील बसायचे, नानांच्या उजव्या हाताला. वडील गेले त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर घरात बैठकच झाली नव्हती.

त्या रविवारी धुळ्याला पोचलो आणि सवयीनं दाराजवळच्या सतरंजीवर बसायला लागलो, तर नाना गादीवरून ओरडले, "अरे भो, खाले काय बसस? वर बस." आणि त्यांनी उजव्या हाताची गादी थोपटली.

खरं सांगतो, छाती फुगली माझी. पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो सार्थकी लागला असं वाटलं. एक मिनिट वडिलांची आठवण आली, आणि दुसऱ्याच मिनिटाला मी लोडाला टेकून कोणीतरी मोठा असल्यासारखा पंख्याकडं बघायला लागलो.

पाहुणे यायला अवकाश होता. पाणी प्यायला आत गेलो तर पुतणी ओट्यापाशी उभी होती. आतल्या बायका बट्ट्या तळण्यात गुंतलेल्या. ती हळूच म्हणाली, "काका, आज तुम्ही वर बसणार ना?"

"हो मग," मी म्हटलं.

"मग माझं एक सांगाल का? लग्न परीक्षेनंतर ठेवा म्हणावं. त्यांना आखाजीच्या आधीची तारीख पाहिजे, आणि माझी परीक्षा त्यानंतर आठच दिवसांनी आहे. हळद, लग्न, पूजा, सासरी पाहुणे… मी कधी अभ्यास करणार? चार वर्षं शिकलेय काका. शेवटच्या सेमिस्टरला नापास नाही व्हायचं मला."

"पप्पांना बोललीस?"

"पप्पा म्हणतात, मंगल कार्यालयाची एकच तारीख रिकामी झालीय, ती सोडायची का? आजोबा म्हणतात, पोरींनी मधे बोलू नये. तुम्ही बोललात तर ऐकतील. तुम्ही आता त्यांच्यातले आहात."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. असा हात मी याआधी कोणाच्या डोक्यावर ठेवला नव्हता. "हात्तिच्या! एवढंच ना? माझ्यावर सोड," म्हटलं.

पारोळ्याची मंडळी आली. मुलाचे वडील निवृत्त मास्तर, बोलायला गोड. वरण-बट्टी झाली, वांग्याची घोटलेली भाजी झाली, तूप वाढणाऱ्यानं कोणाचं ऐकलं नाही. मग बैठक बसली. मांडी घालून दहा मिनिटं झाली आणि माझा डावा पाय मुंग्या येऊन पार बधिर झाला. गादीवर बसणारी माणसं इतकी गंभीर का दिसतात, ते मला त्या दिवशी कळलं. हलवावा तर बरं दिसत नाही, म्हणून मीही तसाच गंभीर बसून राहिलो.

मास्तरांनी तारीख सांगितली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचीच. आणि रीतीप्रमाणे आमच्या बाजूच्या एकेकाला विचारायला सुरुवात झाली, "बोला, तुमचं काय म्हणणं?"

नाना म्हणाले, "बठ्ठास्नं जे मत शे, तेच मनं." म्हणजे सगळ्यांचं तेच त्यांचं.

चुलतभावाचा साडू म्हणाला, "चार लोक ठरवतील ते मान्य."

चुलतभाऊ म्हणाला, "मोठ्यांच्या पुढं मी काय बोलणार?"

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता. पडद्याखाली तिची पावलं दिसत होती. मला सगळं तोंडपाठ होतं. परीक्षा, आठ दिवस, चार वर्षं, सगळं. मी घसा साफ केला आणि माझ्या तोंडून आलं, "चार लोक ठरवतील ते मान्य."

देवा शप्पथ, मला ते म्हणायचं नव्हतं. पण त्या गादीवर बसलेल्या माणसानं म्हणायचं तेच वाक्य मी लहानपणापासून दारातून ऐकत आलो होतो आणि ते आपोआप आलं. बरं, हे चार लोक कोण? मोजले तर आम्हीच चार. नाना बाकीच्यांवर टाकणार, साडू चार लोकांवर, चुलतभाऊ मोठ्यांवर आणि मी परत पहिल्यांवर. ठरवलं कोणीच नाही आणि तारीख ठरून गेली.

पडद्याखालची पावलं गेली. साखर वाटली. थोड्या वेळानं ती चहाचा ट्रे घेऊन आली, सगळ्यांना वाकून चहा दिला, मलाही दिला. चिडली असती तर बरं झालं असतं. पाहुणे निघाले, पाठोपाठ अर्ध्या तासानं आम्ही निघालो, तेव्हा गाडीपर्यंत येऊन एवढंच म्हणाली, "काका, सावकाश जा."

धुळ्याहून जळगावला जाताना वाटेत पारोळा लागतं. तोवर नाना शेजारच्या सीटवर खुशीत होते. तूप चांगलं होतं, माणसं चांगली आहेत, साखर वाटताना कोणी घाई केली नाही, असं एकेक चाललं होतं. मी हूं-हूं करत होतो. मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होतो. अरे गाढवा, पोरीनं एक गोष्ट मागितली होती! शर्ट इस्त्री केलास, लोडाला टेकलास, पंखा बघितलास, आणि बोलायची वेळ आली तेव्हा दातखीळ बसली? पारोळ्याच्या फाट्यावर आलो आणि गाडी आत वळवली.

"इकडे कुठं?" नाना म्हणाले.

"चहा घेऊ."

"घेतला ना आत्ता?"

मास्तरांच्या गल्लीत गाडी उभी केली तेव्हा नानांच्या लक्षात आलं. मी सांगितलं, मला काय बोलायचंय ते. नाना लालबुंद झाले. "लाज शे का काही? शब्द दिधा ना आपण! साखर तोंडात शे अजून." मी म्हटलं, "तुम्ही बसा, मी एकटा जातो." त्यांनी हाताची घडी घातली आणि काच वर केली.

मास्तर बनियनवर होते. मला दारात बघून त्यांचा चेहराच पडला. मोडलं की काय, असं वाटलं असणार. मी आधी उन्हाबद्दल बोललो. मग रस्त्याबद्दल. मग म्हटलं, "मास्तर, मघाशी मी जे बोललो ते खोटं बोललो. चार लोकांचं मला माहीत नाही. पोरीची शेवटची परीक्षा आहे लग्नानंतर आठ दिवसांनी. तिनं मला सांगितलं होतं आणि मी तिथं बोललो नाही. लाज वाटली मला. लग्न परीक्षेनंतर ठेवा, हात जोडतो."

फ्रीजपाशी सुट्टीला नाशिकहून आलेला मुलगा पाण्याची बाटली हातात घेऊन उभा होता. तो खाली बघत म्हणाला, "मलाही सांगितलं होतं तिनं. मीही घरात बोललो नाही." तशी त्याची आई आतून बाहेर आली. आधी मुलाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं, मग माझ्याकडं. म्हणाली, "बाई गं! म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

मास्तर म्हणाले, "कार्यालयवाल्याला विचारून सकाळी फोन करतो." आणि स्वतः तांब्या घेऊन बाहेर आले, गाडीच्या काचेवर टकटक केली, नानांना पाणी दिलं. नानांनी घेतलं, पण काच जेवढी उघडायला हवी तेवढीच उघडली.

पुढचं सांगून टाकतो. सकाळी फोन आला. लग्न जूनमध्ये झालं, दुसऱ्या कार्यालयात, तिथले पंखे वाईट होते. चुलतभाऊ महिनाभर माझ्याशी बोलला नाही, त्याच्या पाठीमागं जाऊन मी त्याच्या घरचं ठरवून आलो म्हणून, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं, गाडीतलं.

पारोळा सोडल्यावर नानांनी परत हाताची घडी घातली होती. एरंडोल मागं पडलं आणि ते बाहेर बघत म्हणाले, "तुनी आत्या बारावीले व्हती."

आत्या म्हणजे वडिलांची आणि नानांची सगळ्यात धाकटी बहीण. दर आखाजीला माहेरपणाला येते, पापड-कुरडया करून देते, चार दिवस राहून जाते. शिकायचं होतं, पण जमलं नाही, एवढंच तिच्याबद्दल आम्हाला माहीत होतं.

"पेपर पंधरा दिवसांवर होते," नाना सांगायला लागले. "बैठकीच्या आदल्या दिवशी माझ्याकडं आली. म्हणाली, दादा, तू सांग. मी तुझ्याच वयाचा होतो. तुझा बाप आणि मी, दोघं गादीवर होतो."

"मग?"

"मग काय? माझ्या आधी सगळ्यांनी हो म्हटलं होतं."

मी गाडी हळू केली. नानांनी उपरण्यानं डोळे पुसले, आणि धूळ गेली असंही म्हणाले नाहीत.

"ती परीक्षेला बसली नाही," ते म्हणाले. "मला कधी काही बोललीही नाही. चाळीस वर्षं दर आखाजीला येते, पाया पडते आणि जाते."

त्यांच्या गल्लीत गाडी थांबवली, त्यांचा हात धरून उतरवलं. दोन पावलं जाऊन ते परत फिरले आणि खिडकीत वाकले.

"सकाळी मास्तरचा फोन नाही आला तर मला घ्यायला ये. आपण परत जाऊ. आता मी बोलसू."