पोपट मिस्त्री आणि गाडीचं नाक

पोपट मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात गाडीचं बॉनेट उघडून उभी होते. गाडी काढण्याआधी पाणी, तेल आणि फिल्टर बघून घ्यायची ही सवय त्यांनीच लावलेली. फोनवर त्यांची सून रेखा होती. "ताई, आमचे अण्णा गेले... पहाटे, झोपेतच," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी नुसतं 'हो, हो' म्हणत राहिले. मग गाडीत जाऊन बसले आणि अर्धा तास तशीच बसून होते. आळेफाट्याच्या या गॅरेजवाल्यानं माझ्यासाठी काय केलं, हे आमच्या भागात पुष्कळांना अर्धवट माहीत आहे, आणि अर्धवट माहीत असलेल्या गोष्टीला लोक तिखटमीठ लावून सांगतात. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. म्हटलं, आपण एकदा नीट लिहून काढावं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आमचं गाव. एसटी होती, पण ती तिच्या मर्जीनं यायची. सातवीपुढची शाळा घोडेगावला, त्यामुळे पोरी सातवी झाल्या की घरी बसायच्या. मला ते बघवायचं नाही. यजमान पुण्यात नोकरीला, शनिवारी घरी यायचे. त्यांनी एक जुनी पेट्रोल जीप घेतली होती आणि धरणाच्या रस्त्यावर मला ती चालवायला शिकवली होती. मी घरोघर जाऊन लोकांशी भांडले. तशी मी तोंडाळ बाई, भांडायला मला फार तयारी लागत नाही. अकरा पोरी मिळाल्या. सकाळी त्यांना शाळेत सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. बाई गाडी चालवते हे बघायला सुरुवातीला लोक हातातलं काम टाकून बांधावर येऊन उभे राहायचे. पुढे त्यांची नवलाई संपली, आणि बघता बघता माझ्या अकराही पोरी दहावीला आल्या.

नेमकी त्याच वर्षी, दसऱ्यानंतर जीप बिघडली. मागून काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास, आणि चढ आला की धापा टाकत बंद. पोरींच्या पांढऱ्या रिबिनी घरी येईपर्यंत करड्या झालेल्या असायच्या. दोन गॅरेजं झाली. कुणी कार्बोरेटर खोलला, कुणी प्लग बदलले, कुणी पेट्रोल कमी करायला स्क्रू पिळला. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी दोघांनीही एकच निदान केलं. "बाई चोक ओढून गाडी चालवतात." थंड इंजिन सुरू करताना हवा कोंडण्यासाठी ओढायचा तो खटका, तो तसाच ओढलेला राहिला तर गाडी पेट्रोल जास्त पिते, हे खरंच. पण मी तो एकदाही विसरले नव्हते. सांगून कोण ऐकणार? यजमानांनीसुद्धा एका शनिवारी हळूच विचारलं, "तू नक्की आत ढकलतेस ना?" त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आणि खरं सांगायचं तर पुढे पुढे मीच एका फेरीत दहा वेळा तो खटका चाचपायला लागले. माणसाला चारजणांनी मिळून वेडं म्हटलं की तो स्वतःचीच परीक्षा घेत बसतो.

दहावीच्या सराव परीक्षेला, गणिताच्या पेपरच्या दिवशी, जीप चढावर बंद पडली. पोरी पाऊण तास उशिरा पोचल्या. त्याच संध्याकाळी देवळापुढं सगळे पालक जमले. सुनंदाचे वडील त्यांच्यात जरा वजनदार. ते म्हणाले, "ताई, तुमचं मन लई चांगलं हाय. पण गाडी हे बाईमानसाचं काम न्हाई. खऱ्या परीक्षेला अशी बंद पडली तर पोरींचं वरीस जाईल. त्यापरीस आमी त्यांला आत्ताच घरी बसवतो." आणि पोरगी एकदा घरी बसली की पुढच्या वर्षी तिचं लग्नच ठरतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी भांडले नाही. "सोमवारपर्यंत थांबा," एवढंच म्हणाले. तो गुरुवार होता.

एसटीचा एक कंडक्टर ओळखीचा होता. त्यानं सांगितलं, "आळेफाट्याला पोपट मिस्त्रीकडं न्या. त्यो माणूस गाडीचं ऐकतो." शनिवारी सकाळी मी निघाले. सोबत माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. मामंजींच्या काळात शेती आली, पण खंडोबा आणि कमरेची भंडाऱ्याची पिशवी काही सुटली नाही. जीप म्हणजे त्यांच्या लेखी देवाची घोडी. एवढ्या लांबच्या वाटेला तिला एकटीला सोडायला ते तयार नव्हते. आता ते घोडीला म्हणत होते की मला, कोण जाणे. वाटेत गाडी तीन वेळा बंद पडली. दर वेळी तेच, मामंजी खाली उतरून बॉनेट वर करायचे, मी आत बसून चावी मारायची, गाडी खोकत खोकत सुरू झाली की ते बॉनेट लावून 'येळकोट' म्हणत शेजारी येऊन बसायचे.

पोपट मिस्त्री उंच, शिडशिडीत, चष्म्याला दोरी बांधलेली. नाव पोपट, पण बोलणं जेमतेम. मी आधीच कंबर कसून गेले होते, यानं चोकचं नाव काढलं की याची धडगत नाही. त्यांनी विचारलं, "ताई, कवापासून?" मी सगळं सांगितलं. मध्ये एकदाही न तोडता ते ऐकत होते. मग धुराड्याच्या नळीत बोट फिरवून बघितलं, प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले. सगळे तव्याच्या बुडासारखे काळे. "चुलीत लाकडं कोंबली आन् वारं न्हाई लागलं तर काय व्हतं?" त्यांनी विचारलं. "धूर," मी म्हटलं. "त्येच झालंय. समदे पेट्रोल कमी करीत बसले. हवा कुटं अडली ते बघायचं ऱ्हायलं." मग मला चोक ओढायला आणि ढकलायला लावला, स्वतः वाकून आतली झडप बघितली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "चोक मोकळा हाय. तुमची चूक न्हाई." चार महिन्यांत हे म्हणणारा तो पहिला माणूस. मी तोंड फिरवून रस्त्यावरचे ट्रक बघत उभी राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि ते मला कुणाला दाखवायचे नव्हते.

"हवेचा फिल्टर?" त्यांनी विचारलं. "तो नवाकोरा आहे. दसऱ्याआधीच बदललाय," मी ठसक्यात सांगितलं. आधीच्या दोघांनाही मी हेच ठसक्यात सांगितलं होतं आणि दोघांनीही मग तिकडे बघितलं नव्हतं. पोपट मिस्त्री हसले. "नवं हाय म्हणून बघायचंच न्हाई व्हय?" त्यांनी झाकण काढलं, आतला घड्याघड्यांचा गोल कागदी फिल्टर बाहेर घेतला... आणि आम्ही दोघंही बघतच राहिलो. फिल्टर पिवळाधमक होता. इंजिनाच्या तेलकट वाफेत हळद बसून बसून प्रत्येक घडी पिठल्यासारखी लिंपली गेली होती. त्यांनी त्याचा वास घेऊन बघितला, चष्मा वर केला आणि विचारलं, "ताई, घरात खंडोबाचं कोन करतं?"

मामंजी समोर चहा पीत होते. मी त्यांना हाक मारली ती जरा मोठ्यानंच. ते आले, फिल्टर बघून त्यांचा चेहरा उजळला. "बघा! समदा घेतलाय देवानं," ते म्हणाले. मग त्यांनी कौतुकानं सांगितलं. दसऱ्याच्या पूजेपासून रोज सकाळी मी गाडी सुरू करून गरम करत बसायचे, तेव्हा ते पाणी बघायला म्हणून बॉनेट वर करून समोर उभे राहायचे आणि फिल्टरकडे हवा ओढणाऱ्या जाड नळीच्या तोंडाशी चिमूटभर भंडारा धरायचे. चालू इंजिन तो सुर्रकन आत ओढून घ्यायचं. दगडाच्या देवानं इतक्या वर्षांत कधी असा डोळ्यांदेखत घेतला नव्हता! आणि मला ते कधी दिसलं नाही, कारण माझ्यापुढं वर केलेलं बॉनेट असायचं. "मंग गाडी बंद पडाया लागली," मामंजी म्हणाले, "तवापासून मी मूठ मूठ घालाया लागलो."

गॅरेजमधली माणसं खो खो हसायला लागली. पोपट मिस्त्रींनी त्यांच्याकडे असं बघितलं की सगळे आपापल्या कामाला लागले. मी तर फुटण्याच्या बेतात होते. चार महिने मी लोकांची बोलणी खाल्ली ती यांच्या मुठीपायी! पण मिस्त्रींनी मला हातानंच थांबवलं आणि मामंजींना खुर्ची दिली. "बाबा, ही नळी हाय ना, हे गाडीचं तोंड न्हाई. नाक हाय. लेकराला आपण नाकात घास घालतो का?" मामंजी विचारात पडले. वाकून त्यांनी नळीत डोकावून बघितलं. मग त्यांनी विचारलं, "मंग तोंड कुटं हाय?" पोपट मिस्त्रींचा हात पेट्रोलच्या टाकीकडे निघालाच होता. पुढं काय होईल ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण तो हात त्यांनी झटक्यानं मागं घेतला. "तोंड... तोंड न्हाई बाबा गाडीला. कपाळ हाय." आणि बॉनेटच्या पुढच्या पत्र्यावर बोट ठेवून म्हणाले, "हितं लावा. घोडीला लावतो तसा." मामंजींनी तिथल्या तिथं भंडारा लावला. मिस्त्रींनी मान लववून नमस्कार केला. म्हातारा माणूस त्या दिवशी गॅरेजमधून मान ताठ ठेवून बाहेर पडला, याचं सगळं श्रेय त्यांचं.

नवा फिल्टर बसवून झाल्यावर, निघताना मी आभार मानायला लागले, तर म्हणाले, "निकाल लागला की कळवा." परतीच्या वाटेवर जीपचा आवाजच वेगळा होता. मंचर मागं पडल्यावर मामंजींनी कमरेची पिशवी चाचपली. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, माझ्यापायी पोरींचं वरीस गेलं असतं की गं." मग काय रागावणार?

सोमवारी सकाळी मी जीप देवळापुढं उभी केली आणि इंजिन चालू ठेवलं. सुनंदाचे वडील गाडीच्या मागं गेले, डोक्यावरची पांढरीशुभ्र टोपी काढली आणि धुराड्यापुढं धरून उभे राहिले. मी आतून गाडी चांगली रेझ केली. टोपी त्यांनी उलटीसुलटी करून बघितली, चारजणांना दाखवली. पांढरीच होती. त्यांनी ती झटकून डोक्यावर ठेवली आणि पोरीला म्हणाले, "बस गाडीत." त्या दिवशी धरणाजवळचा चढ जीप अशी चढली की पोरींनी मागं टाळ्या पिटल्या आणि मी उगाचच हॉर्न वाजवला. परीक्षेच्या एकाही पेपरला आम्ही उशिरा पोचलो नाही. जूनमध्ये दहा जणी पास झाल्या. मंगल इंग्रजीत राहिली, ती ऑक्टोबरला निघाली. दोन्ही वेळा मी नावं लिहून पोपट मिस्त्रींना पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. ते येणार नाही हे मला ठाऊकच होतं.

पुढं शेवटपर्यंत आमचं जाणं-येणं राहिलं. मामंजी दर चंपाषष्ठीला त्यांना भंडाऱ्याची पुडी पाठवायचे. एरवी देवाधर्मात फारसा नसलेला तो माणूस गॅरेजमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कपाळाला त्यातला भंडारा लावायचा. मामंजी गेल्यावर पुडी मी पाठवायला लागले. आमचा तो पिवळा फिल्टर त्यांनी छताजवळ खिळ्याला टांगून ठेवला होता. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की बोटानं वर दाखवायचे, "त्यो बी नवाच व्हता." नव्या गाड्या आल्या, बिघाड सांगणारी यंत्रं आली. शेवटच्या भेटीत मी त्यांना चिडवलं, "आता गाडीत काय बिघडलं ते पडद्यावर येतं म्हणे, तुमची पंचाईत झाली." ते हसले. "यंतर सांगतं ना ताई, हवा कमी पडतीय. मामंजी हैत, हे कुटं सांगतं?"

दहाव्याला मी गेले तेव्हा अकरापैकी सात जणी आल्या होत्या. सुनंदा स्वतःची गाडी स्वतः चालवत आली होती, शेजारी तिचे म्हातारे वडील. घाटावरून परतताना आम्ही गॅरेजवर थांबलो. रेखानं काठीनं तो फिल्टर खाली काढला आणि म्हणाली, "ताई, हा तुमचाच. घेऊन जा." इतकी वर्षं मी तो खालूनच बघत आले होते, हातात कधी घेतला नव्हता. सुनंदानं त्याच्यावरची धूळ पदरानं पुसली, तर पत्र्याच्या कडेवर खिळ्यानं काहीतरी कोरलेलं दिसलं. ती फिल्टर फिरवत वाचायला लागली. तिचं नाव, पुढं 'पास'. मग दुसरीचं, तिसरीचं... माझ्या पोस्टकार्डावरचीच नावं, त्याच क्रमानं. मंगलपुढचा 'पास' जरा वेगळ्या खिळ्याचा वाटत होता, मागाहून कोरलेला. अकरा झाली. "ताई, अजून एक आहे," सुनंदा म्हणाली. तिनं फिल्टर माझ्या हातात दिला. तिच्या वडिलांनी जवळ येऊन, डोळे बारीक करून, ते बारावं नाव मोठ्यानं वाचलं.

"ताई. डायवर. पास."