लांब टाका, आखूड टाका

मुख्याध्यापिका मॅडमनी चहाचा ट्रे माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आज पालकांसमोर तोंड उघडू नको. तुह्या बोलण्यात तांडा ऐकू येते."

मंगरूळपीरची इंग्रजी शाळा. पहिलीचा वर्ग माझा. मी डीएड झालेली, मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची, बंजाऱ्याची पोर. वर्षभर शिकवायला मी. पालकसभेत चहा द्यायलाही मीच.

इंग्रजी शब्दांतले लांब आणि आखूड आवाज मुलांना काही केल्या वेगळे काढता येत नव्हते. जहाजाचं 'शिप' आणि मेंढीचं 'शीप', सगळं एकच. मी रडकुंडीला आले होते. सुट्टीत घरी गेले तर याडी, म्हणजे माझी आई, कशिदा काढत बसलेली. तिला अक्षर येत नाही. मी दोन्ही शब्द म्हणून दाखवले. ती म्हणाली, "हा आखूड टाका. तो लांब टाका."

झालं! तिने लग्नातला फेटिया, आमचा भरतकामाचा घागरा, कापला. त्यावर जहाज काढलं, मेंढी काढली, खाली टाके घातले. आखूड टाक्यावरून बोट लगेच उचलायचं. लांब टाक्यावर बोट सरकेल तोवर आवाज ओढायचा. आठ दिवसांत माझा वर्ग घडाघडा म्हणू लागला.

ते कापड वर्गात नेण्याआधी मी मॅडमना दाखवलं होतं. नोकरीला त्यांनीच लावलं होतं. "तू माही लहान बहीण हायस," म्हणायच्या. मी वेडी, खरं मानलं.

सभेत कापड भिंतीवर टांगलेलं. एका दुकानदार पालकाने विचारलं, "मॅडम, ये किसने बनाया?"

"मीच. लय मेहनत लागली."

बोलताना माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा. शिवी दिली असती तर एवढं लागलं नसतं.

मी ट्रे टेबलावर ठेवला. कापड भिंतीवरून काढलं. "हा माह्या याडीच्या लग्नातला फेटिया हाय. टाके तिचे, शिकवणं माहं. मॅडम, तुमी खोटं कायले बोलून राह्यल्या?"

मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "नोकरी पाह्यजे ना तुले?"

मी कापडाची घडी घातली. म्हटलं, "शिकवाले पाह्यजे होती. चहा द्याले नाही."

ज्यांच्या लेकरांची बोटं धरून मी शिकवलं, ते पालक कपात बघत बसले. मी बाहेर पडले. नोकरी गेली. याडीने एवढंच विचारलं, "कापड आणलं ना?"

आता ते तांड्यावर, आमच्या ओसरीत टांगलंय. लोक ऊसतोडीला निघायच्या आत जेवढी मुलं हाती लागतात तेवढी बसवते. मॅडमना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. मंगरूळपीरच्या कुणाला बघायचं असेल तर त्यांनी इथे यावं, आमच्या मुलांच्या मागे जमिनीवर बसावं. शिकवीन. चहा देणार नाही.