नागपूरहून आलेली कावीळ

कोणताही कागद हातात आला की मावशी आधी तो उलटा करायची. मिठाईची ऑर्डर असो, जिमचा फॉर्म असो, देवळातल्या महाप्रसादाचं पत्रक असो. मागची बाजू कोरी दिसली तरी क्षणभर उजेडात धरून बघायची आणि म्हणायची, "समोर सगळे गोडच लिहितात, बाप्पा."

अमेरिकेत आयसेलिनला ओक ट्री रोडवरच्या ज्या मिठाईच्या दुकानात मी कॉलेज सांभाळून काम करते, तिथे ती डिलिव्हरीची व्हॅन चालवायची; नात्यातली नव्हे, पण आम्ही सगळे तिला मावशीच म्हणायचो. तुम्ही तिकडून कधी पेढे नेले असतील तर तिला पाहिलंही असेल. ठेंगणी, पंचेचाळिशीची, रस्त्यात आडव्या लावलेल्या गाड्यांना अस्सल वऱ्हाडीत शिव्या देणारी. शाळेत असताना वडिलांबरोबर नागपूरहून इथे आली, आई तिकडेच राहिली. एकोणिसाव्या वर्षी ती अमेरिकन सैन्यात गेली आणि इराकमध्ये डिझेलचे टँकर चालवले. त्यामुळे आमच्या गुलाबजामच्या पाकाचा थेंबही कधी व्हॅनमध्ये सांडला नाही.

वेस्ट विंडसरचे एक निवृत्त इंजिनिअर काका दर शनिवारी ढोकळा घ्यायला येत आणि देशाची काळजी करत. सक्तीची भरती परत आणली पाहिजे, दोन वर्षं कवायत केली की पोरं सुधारतील, असं त्यांचं मत होतं. मावशीनं एकदा त्यांना शांतपणे विचारलं, "काका, तुमच्या नातवाचा फॉर्म आणून देऊ का?" नातू मेडिकलच्या तयारीत होता. काकांनी चटणी जास्त मागितली आणि विषय बदलला.

ते गेल्यावर ती मला म्हणाली, "आन् सक्ती गेली कुठं होती वं? आत जाताना मर्जी आपली, बाहेर येताना त्यायची."

सैन्यात तिनं चार वर्षांसाठी सही केली होती. सरकारी कागदावर तारीख आहे म्हणजे ती पक्कीच, असं धरून आईनं तिकडे नागपूरला सुटकेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यातला लग्नाचा मुहूर्त काढला. हॉल ठरला, पत्रिका वाटल्या. इराकमध्ये तुकडीनं निरोपाचा केक कापला, आणि दोन दिवसांनी हुकूम आला. लढाई चालू आहे, मुदत संपली तरी कुणाला सोडायचं नाही. काही महिन्यांनी पुन्हा केक, पुन्हा हुकूम.

आईला हे पटेना. सरकारी नोकरी आहे, मग रजा कशी मिळत नाही? तिनं घरच्या डॉक्टरांकडून मेडिकल सर्टिफिकेट घेतलं आणि अमेरिकेतल्या तळावर फॅक्स करून टाकलं. सदर मुलीस कावीळ झाली असून तीन आठवडे सक्त विश्रांतीची गरज आहे, खाली सही-शिक्का. तो कागद फिरत फिरत वाळवंटात कॅप्टनपर्यंत पोचला.

कॅप्टननं तिला बोलावलं तेव्हा ती टँकरखालून ऑइलनं माखून आली होती. त्यानं कागद वाचला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. मग विचारलं, की तू इथे असताना तुझी कावीळ नागपूरच्या डॉक्टरला कशी दिसली?

"म्या म्हटलं, सर, आमचे डॉक्टर लय हुशार आहेत."

डिलिव्हरीला मी सोबत असले की एवढं सांगून ती इतकी हसायची की व्हॅन कडेला घ्यावी लागे. नवरा मुलगा सात महिने थांबला. मग त्याच हॉलमध्ये त्याचं दुसरीशी लग्न झालं. "आईनं आहेर पाठवला," मावशी म्हणायची. इथे मात्र ती हसत नसे. उगाच आरसा नीट करायची.

हे सगळं ऐकूनही मी एक दिवस भरतीचे कागद घेऊन आले, हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो. बाबा हॉटेलात स्वयंपाकी आहेत, आई ब्लाउज शिवते. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, आणि पुढची फी सैन्य भरणार होतं. भरती करणारा अधिकारी फार अदबीनं बोलायचा. शुक्रवारी सही करायची होती. मला वाटलं, मावशी कागद फाडेल. तिनं फक्त ते उलटे केले.

"घरी काय वाचून दाखवलंस?"

आमच्या घरी इंग्रजी पत्रं मीच वाचून सांगते, अगदी दुसरीत होते तेव्हापासून. मी म्हणाले, पहिलं पान.

"मंग बाकीचं बी सांग त्यायले. मराठीत. एक ओळ सोडायची नाई. मंग खुशाल कर सही, मी कोण अडवणारी?"

गुरुवारी संध्याकाळी मी आईबाबांपुढे वाचायला बसले. नोकरी चार वर्षांची, पण बांधिलकी आठ वर्षांची. युद्ध लागलं तर ते संपून सहा महिने होईपर्यंत. नियम मला न कळवता बदलू शकतात आणि तरी मला लागू होतात. इंग्रजीत हे सगळं मी वाचलं होतं, समजलंही होतं असं मला वाटत होतं. मराठीत तेच बोलताना मी दोनदा अडखळले. आईचं मशीन थांबलं होतं.

बाबांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बाळा, यात तू घरी यायची तारीख कुठे आहे?"

मला ती दाखवता आली नाही.

शुक्रवारी मी नाही म्हणून कळवलं. शनिवारी मावशीला सांगायला लवकरच दुकानात गेले, तर तिच्या जागी मालक व्हॅनमध्ये खोकी चढवत होते. दुसऱ्या राज्यात लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायची नोकरी तिनं धरली होती. जायला अजून आठवडा आहे, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. सकाळी येऊन मालकांना किल्ली देऊन ती गेली, बाकी कुणाला भेटली नाही, माझं काय ठरलं तेही विचारलं नाही.

मागच्या खोलीत भिंतीवर व्हॅनच्या पाळ्यांचा पुढच्या तीन महिन्यांचा तक्ता ती लावून गेली होती. इतरांची नावं पेनानं, ठसठशीत. शनिवारच्या प्रत्येक चौकोनात माझं नाव होतं, पेन्सिलीनं. खाली टेबलावर नवंकोरं खोडरबर ठेवलेलं होतं.