एंजेलाचं करडू

आमच्या सोनईच्या ख्रिस्ती वस्तीत सॅमसन त्रिभुवनाइतका काळजीखोर बाप दुसरा नाही. माणूस भला. धंदा लाउडस्पीकरचा. लग्न असो, सप्ताह असो, नाताळ असो, पंचक्रोशीत भोंगे वाजतात ते सॅमसनचे. दिवसभर माईकवर ओरडणारा हा गडी घरी आला की इतका हळू बोलतो, की त्याची बायको दया म्हणते, "घरात बी एक भोंगा लावा, म्हंजी आमाला ऐकू यील."

मी रतनबाई, त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहते. संडे स्कूल मी इतकी वर्षं चालवलं, की आज चर्चमध्ये गंभीर चेहऱ्याने बसणारे निम्मे आईबाप माझे धपाटे खाऊन मोठे झालेत. सॅमसन त्यांतलाच.

त्याची मुलगी एंजेला दुसरीत आहे. एका संध्याकाळी जेवणाआधीची प्रार्थना करायची पाळी तिची होती. पोरीने डोळे मिटले, नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवलं आणि पुटपुटली, "चिंगम चांगम गुडूप." सॅमसनचा हात ताटावरच थांबला. हे कुठून शिकलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, सिनेमातून. मोबाईलवर कार्टूनचा एक सिनेमा होता. त्यातली मुलगी हा मंत्र म्हणते आणि हात लावील ती वस्तू दिसेनाशी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सॅमसनची स्वारी माझ्या ओट्यावर हजर. "मावशी, आमच्या पणज्यानं मंतर आन् गंडेदोरे सोडून येशूला धरलं. भावकीनं वाळीत टाकलं, तरी मागं फिरला न्हाई. आन् आता माझ्याच ताटावर माझी पोरगी मंतर म्हनती."

"दात पडलेल्या पोरीचा मंतर त्यो," मी म्हटलं. "चार दिसांत इसरंल."

ती विसरली नाही. उलट झोपतानाची प्रार्थनाही तिने सोडली. आधी हीच पोर प्रार्थनेला बसली की आटोपायची नाही. आईबापांसाठी मागून झालं की शाळेच्या बाई, मग शेजारच्या रंगुबाईची म्हैस, मग मी. आता दयाने किती समजावलं तरी तोंडाला कुलूप. कधी रागावून, कधी खाऊचं आमिष दाखवून सॅमसनने पाहिलं. शेवटी त्याने हातपाय गाळले. पोर देवापासून तुटली, ही एकच गोष्ट त्याच्या डोक्यात बसली आणि त्याला अन्न गोड लागेना.

मग त्याने चर्चचे पाळक एलिया साहेबांकडे गाऱ्हाणं नेलं, आणि रविवारच्या उपासनेनंतर साहेबांनी सगळ्या पालकांना थांबवून घेतलं. एकेकाला कंठ फुटला. कोणाचा मुलगा राक्षसाच्या नावाने हाक मारल्याशिवाय ओ देत नव्हता. कोणाची मुलगी राजकन्या झाल्यापासून स्वतःचं ताट उचलत नव्हती. एक जण म्हणाला, ह्या सिनेमांतले सगळे बाप बावळट असतात, त्यामुळे पोरं आम्हालाही तसंच समजतात. त्याचं मला फारसं चूक वाटलं नाही.

सॅमसन शेवटी उठला. "त्यात जो तो जादूनं सुटतो," तो म्हणाला. "अडचनीत सापडलं तर देवाला हाक मारावी, हे त्यात कुनालाच सुचत न्हाई. ह्याचीच मला भीती वाटती."

बोलला ते मनापासून. तरीही माझं डोकं फिरलं. "तुमच्यातल्या कुनी त्यो सिनेमा पुरता बघितलाय का?" मी विचारलं. "आन् जेवताना पोरांच्या हातात मोबाईल कोन देतं? मी देते का?" तेव्हा सगळे चपला शोधायला लागले. नाताळापर्यंत कार्टून बंद, असं ठरवून पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला.

सॅमसनने मोबाईल कपाटावर ठेवला. एंजेला रडली नाही, हट्टही केला नाही. ती फक्त गोठ्यात जाऊन आपल्या करडाजवळ बसायला लागली.

ह्या करडाचं सांगायला हवं. त्याची आई ते जन्मल्यावर लगेच मेली. एंजेलाने बाटलीने दूध पाजून त्याला वाढवलं, गुंड्या नाव ठेवलं, आणि गुंड्याही तिच्या मागे मागे शाळेच्या फाटकापर्यंत जायचा. चांगलं गुबगुबीत झालं होतं. दिवाळी सरली की आमच्याकडे हंगामाचा सण असतो. ज्याच्या घरी जे चांगलं पिकलं, निपजलं, ते तो देवाला आणतो, आणि प्रार्थना झाली की चर्चच्या आवारात त्याचा लिलाव होतो. हिंदू शेजारीही हौसेने बोली लावतात. माईक सॅमसनचा, म्हणून पुकाराही दरवर्षी त्याचाच. यंदा ह्या सणाला आपण करडू देणार, असं त्याने भर चर्चमध्ये उभं राहून जाहीर केलं होतं. घरातली सगळ्यात चांगली चीज देवाला दिली म्हणून त्याची छाती फुगली होती. एंजेला तेव्हा बाकावर त्याच्या शेजारीच होती.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी दया नवऱ्याला म्हणाली, "रतनमावशी म्हनत्यात ते खोटं न्हाई. एकदा बघा तरी त्यो सिनेमा."

सॅमसनने मोबाईल काढला आणि एंजेलाला घेऊन लिंबाखाली बसला. सिनेमात त्या मुलीकडे एक हिरवी मांजर होती. राजाची माणसं मांजर न्यायला आली. मुलीने नाकाला बोट लावलं, मंत्र म्हटला, मांजर दिसेनाशी झाली आणि माणसं रिकाम्या हाताने परत गेली.

"मला अजून नीट जमत न्हाई," एंजेला हळूच म्हणाली. "रोज गुंड्याच्या शिंगाला हात लावून म्हनते, पन त्यो दिसतोच. उद्या जमंल ना, पप्पा?"

सॅमसनने मोबाईल बाजूला ठेवला. "मंग प्रार्थना का सोडली, बाळा?"

"गुंड्याला देवच नेनार हाय ना? मंग देवालाच कसं सांगू, नेऊ नको म्हनून?"

हे मला सांगताना त्याचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता. "मावशी, शब्द दिलाय चारचौघांत. कसा मोडू? आन् न्हाई मोडला, तर पोरगी जन्मभर देवाला काय समजंल?"

सणाच्या रविवारी आवार माणसांनी फुललं. भोपळे, कोबी, उसाची मोळी, अंडी, एक तुरेबाज कोंबडा, सगळं सॅमसनने झोकात पुकारलं. मग दयाने गुंड्याला पुढे आणलं. एंजेला त्याला चिकटूनच चालत होती. घोडेगाव रस्त्यावर खाणावळ चालवणारा रविराज पुढे सरकला. तो करडू कशासाठी घेणार, हे सांगायला नको.

सॅमसनने घसा साफ केला. मग एकाएकी त्याने माईक माझ्या हातात दिला. "मावशी, तुमी पुकारा," म्हणाला आणि गर्दीत जाऊन उभा राहिला. रविराजने बोली लावली की हा वाढवायचा. पुन्हा रविराज, पुन्हा हा. लोक हसायला लागले.

"आरं, तूच दिलंस आन् तूच घेतोस व्हय?" रविराज म्हणाला.

"देवाला दिलं ते दिलंच," सॅमसन म्हणाला, आणि माईक नसतानाही त्याचा आवाज फाटकापर्यंत गेला. "आता पोरीचा बाप म्हनून इकत घेतोय."

रविराजने पोरीकडे पाहिलं. ती करडाच्या गळ्यात हात टाकून उभी होती. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मला कोबी बी चालतो." मी घाईघाईने सॅमसनच्या नावावर लिलाव तोडला.

सॅमसन मोठ्या आनंदाने दोर घेऊन एंजेलासमोर आला. तिने दोर घेतला नाही.

"तुमी पाळकसाहेबांना इचारलं," ती म्हणाली. "मम्मीला इचारलं, रतनआजीला इचारलं. मला इचारलंच न्हाई."

सॅमसनचा चेहरा पडला. पांढऱ्या पँटची पर्वा न करता तो धुळीत तिच्यासमोर बसला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "आता इचारतो. गुंड्याला देवाला द्यायचं का घरी न्यायचं?"

एंजेलाने विचार केला.

"घरी," ती म्हणाली आणि तिने दोर हातात घेतला. "देवाला मी सांगते."

तिथेच, करडाच्या पाठीवर हात ठेवून, तिने डोळे मिटले. शेजारी धुळीत बसलेल्या सॅमसननेही मिटले. मी माईकचं बटण बंद केलं.