भस्माखालचं पत्र

रद्दीच्या हातगाडीपासून मी सुरुवात केली. आज कोल्हापुरात माझी दोन गोदामं आहेत. त्या रद्दीतूनच मला एक नाद लागला, सार्वजनिक कामात पडलेल्या धर्मगुरूंची हातानं लिहिलेली पत्रं जमवायचा. नगरपालिकेवर निवडून आलेल्या एका मौलवींची आहेत, गावोगाव विहिरी खोदून घेणाऱ्या एका पाद्र्यांची आहेत. एका स्वामीजींचं मात्र मिळेना. त्यांनी वसतिगृहं काढली, मोर्चे नेले, मंत्र्यांना दमात घेतलं. पण पत्रं लिहायचा मठातला कारकून. स्वामीजींची नुसती सही.

अकरा वर्षांनी कळलं, कुरुंदवाडच्या एका निवृत्त तलाठ्याकडं त्यांच्या स्वतःच्या हातचं एक आहे. गेलो. पत्र देवघरात होतं आणि दर सोमवारी त्यावर ओल्या भस्माचे तीन पट्टे ओढले जात होते! शाई पसरून निम्मा मजकूर गेलेला. माझं डोकंच फिरलं.

"अहो, वाचलंय तरी का हे? तुमच्या बहिणीला शाळेतून काढू नका म्हणून वडलांना झापलंय यात."

"व्हय की. म्हणूनच ती मास्तरीण झाली. म्हणूनच पूजा करतो."

पत्राच्या बदल्यात स्वामीजींचा मोठा फोटो देऊ केला. "फोटो तीन हायत." चांदीची समई देऊ केली. "पावणं, बाजारात आलाय व्हय? देवघर हाय हे."

"मग भस्म तरी थांबवा! वर्षभरात कोरा कागद पूजाल."

"सोमवार कसा चुकवायचा?"

आयुष्यात मी कुणाला काही फुकट दिलेलं नाही. तरी त्याच आठवड्यात काचेची चौकट करून नेली. तलाठ्यांनी आंघोळ करून पत्र आत बसवलं. मला बोट लावू दिलं नाही.

परवा निदान फोटो काढावा म्हणून पुन्हा गेलो. मास्तरीणबाईंनी चहा दिला. देवघरात पाहतो तर काचेवर भस्माचा हा जाड थर. आत पत्र शाबूत असेल, पण दिसतंय काय? कपाळ! मी खिशातून रुमाल काढला.

"पावणं, थांबा. आंघोळ करून आलाय न्हवं?"

"सकाळीच केलीय."

"पण मघाशी च्या घेतला की."

घेतला होता. त्यांच्याच घरी, त्यांच्याच आग्रहानं.