ताईंची वही आणि संघाची नियमावली

लॉन्ड्रीवाल्या ताईंना कुणाच्या शर्टाची कॉलर आधी मळते आणि कुणाच्या बाह्या, हे तोंडपाठ होतं. त्याहून पक्कं पाठ होतं ते गावातल्या हायस्कूलमधून गेल्या चाळीस वर्षांत कोण कोण बाहेर पडलं, कुठे गेलं, कुणाशी लग्न केलं, कुणाशी मोडलं आणि आता कुणाचं पोट किती सुटलंय. ही सगळी माहिती एका जाड वहीत होती. वही पावतीपुस्तकाशेजारी असायची आणि इस्त्रीच्या वाफेने फुगून तिची पानं लाटांसारखी झाली होती.

हा उद्योग त्यांच्या गळ्यात कुणी बांधला नव्हता. बावीस वर्षांपूर्वी एक करडा कोट सहा महिने कुणी न्यायलाच आलं नाही. कोट होता त्यांच्याच वर्गातल्या एकाचा आणि पावतीवरचा पत्ता होता जुना. ताईंनी त्याच्या मावशीला गाठलं, मावशीने जुन्या घरमालकाचं नाव सांगितलं, घरमालकाने तो आता कुठे नोकरी करतो ते सांगितलं. दहा दिवसांनी कोटाचा मालक तिसऱ्याच शहरात सापडला आणि म्हणाला, "राहू दे तो कोट, आता बटणं लागत नाहीत मला." ताईंना कोटाचं काही वाटलं नाही, पण माणसं हुडकून काढायची चटक मात्र लागली.

समाजसेवा वगैरे शब्द त्या स्वतःबद्दल कधी वापरत नसत, आणि ते बरंच होतं. कारण खरं सांगायचं तर ताई चौकस होत्या. चौकस हा सभ्य शब्द झाला. त्यांची नणंद त्याच दुकानात इस्त्रीला उभी असायची आणि वेगळा शब्द वापरायची. पण ताईंच्या या खोडीमुळेच कुणाची आई गेली की पाच जण दारात पोचायचे, कुणाला परगावी खोली हवी असली की मिळायची, आणि एका विधुराचं तर दुसरं लग्नही जमलं. ते टिकलं नाही, हा भाग वेगळा. तोही वहीत नोंदवलेला होता.

ताईंचा फोन आला की लोक आधी घड्याळाकडे बघत. सकाळी नऊच्या आत आला तर कुणीतरी गेलेलं असायचं, दुपारी आला तर कुणाकडे तरी बाळ झालेलं असायचं, आणि वाढदिवसाला आला तर अर्धा तास गेलाच म्हणून समजायचं. मोबाइलवर त्यांनी एक ग्रुपही काढला होता. त्यात तीनशे बारा जण होते. दर रविवारी ताई तिथे बातम्या टाकत आणि तीनशे बारापैकी नऊ जण अंगठा दाखवत. एक जण चार वर्षं प्रत्येक बातमीखाली दात काढून हसणारा चेहरा टाकत होता. त्यात तीन जण वारल्याच्याही बातम्या होत्या. त्याला तो चेहरा रडवेला वाटायचा. शेवटी ताईंनीच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर पाठवला.

वहीत खरी नावं नव्हती. मुलींची आडनावं लग्नात बदलली होती, एकदोघींची दोनदा, आणि मुलांमध्ये एकाच नावाचे सातसात जण होते. टोपणनाव मात्र ज्याचं त्याचं एकच आणि कायमचं. त्यामुळे पहिल्या रकान्यात असायचं ढापणी, बेडूक, मामा, दोनदा नापास, डबाचोर. समोर पत्ता. जागा उरली तर शेरा.

शाळेला पंचाहत्तर वर्षं होणार होती, त्या सुमारास मोठ्या शहरातून साहेब गावी परतले. साहेब ताईंच्याच वर्गातले. एका बड्या कंपनीत वरच्या जागेवरून ते नुकतेच निवृत्त झाले होते. तीस वर्षं बैठका घेतलेला माणूस, घरात बायकोशिवाय बैठकीला कुणी मिळेना आणि बायको तर अजेंडा ऐकूनही घेईना. साहेबांनी महिन्याभरात माजी विद्यार्थी संघाची नोंदणी करायचं ठरवलं, स्वतः अध्यक्ष झाले आणि औषधाच्या दुकानदाराला सचिव केलं. औषधवाला मुळात कुणालाही नाही म्हणू न शकणारा प्राणी. चिठ्ठीशिवाय औषध मागणाऱ्यालाही तो आधी तीनदा सॉरी म्हणायचा.

पहिली सभा शाळेच्या प्रयोगशाळेत झाली. ताई मागे सिंकजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. नळ गळत होता. साहेबांनी पडद्यावर नियमावली दाखवायला सुरुवात केली आणि नियम तीन वाचला. शाळेची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्तीच संघाची सदस्य होऊ शकेल.

औषधवाला चुळबुळला. "म्हणजे काय आहे, साहेब, आपल्या ताईंनी नववीत शाळा सोडली होती. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा."

सगळ्या माना मागे वळल्या. ताईंना एकदम तेराचौदा वर्षांची झाल्यासारखं वाटलं, गृहपाठ न केलेली. चाळीस वर्षांत ही गोष्ट कुणी काढली नव्हती, आणि ज्यांना माहीत होती त्यांनाही ती आठवत नव्हती.

"मला ताईंबद्दल अतोनात आदर आहे," साहेब म्हणाले. हे वाक्य ते कंपनीत माणसं कमी करताना वापरत असावेत. "पण नियम सगळ्यांना सारखा. ताईंना आपण स्वयंसेवक म्हणून घेऊ."

"मग वहीचं काय करायचं?" ताईंनी विचारलं.

"वही आता संघाची कागदपत्रं झाली. ती सचिवांकडे द्या."

ताई काहीतरी बोलतील, निदान डोळ्यांत पाणी तरी आणतील, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्यांनी दुसऱ्या दिवशी वही धुतलेल्या चादरीत गुंडाळून औषधाच्या दुकानात नेऊन दिली आणि चादर परत मागून घेतली.

घरी नणंदेने मात्र तोंडसुख घेतलं. ती स्वतः त्याच शाळेतून पहिल्या फटक्यात पास झालेली होती आणि त्या दिवसापासून शाळेच्या दिशेला तिने पाहिलंही नव्हतं. तिला संघाचं सदस्यत्व घरपोच आलं.

"वहिनी, परीक्षेचा काहीच उपयोग झाला नाही असं मला इतकी वर्षं वाटत होतं," ती इस्त्री फिरवत म्हणाली. "बघा, आज झाला. आता मी तुमच्यापेक्षा मोठी माजी विद्यार्थिनी."

"त्या शर्टाची बाही जळेल, इकडे लक्ष दे," ताई म्हणाल्या. पण त्या रात्री जेवल्या कमी, हे नणंदेच्या लक्षात आलं आणि तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

इकडे संमेलनाची तारीख ठरली. मोबाइलवर निरोप देणं साहेबांना पटेना. "संस्था म्हटली की छापील निमंत्रण हवं," ते म्हणाले. औषधवाल्याने वही उचलली आणि छापखान्यात नेऊन टाकली. सांगितलं काय, तर पहिल्या रकान्यात नाव आहे, दुसऱ्यात पत्ता, तसं पाकिटांवर घ्या. वही उघडून बघायची तसदी त्याने घेतली नाही. वाचून बघायची सवय त्याला फक्त डॉक्टरांच्या अक्षरांची होती आणि तिथेही तो अंदाजच करायचा. छापखानेवाला परगावचा. त्याने इमानेइतबारे जे दिसलं ते छापलं, पुढे श्री. किंवा, मुलींच्या पानांवर असेल तर, श्रीमती लावलं आणि तीनशे बारा पाकिटं पोस्टात टाकली.

दोन दिवसांनी निवृत्त न्यायाधीशांच्या बंगल्यावर सोनेरी कडांचं पाकीट आलं. वर छापलं होतं, माननीय श्री. चड्डीफाट्या. एका प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना दवाखान्यात, पेशंट बसलेले असताना, श्रीमती उंदीर यांच्यासाठीचं पत्र देण्यात आलं. सगळ्यात वाईट गत झाली ती लोखंडाच्या व्यापाऱ्याची. छापखान्याने शेराही सोडला नव्हता. पाकिटावर होतं, श्री. गोगलगाय (फोन दुकानावरच करावा, घरी करू नये). पाकीट घरी आलं आणि बायकोनेच घेतलं.

साहेबांचा फोन दिवसभर वाजत राहिला. न्यायाधीशांनी अब्रूनुकसानीचं कलम तोंडी म्हणून दाखवलं. लोखंडवाला रडकुंडीला आला होता. संध्याकाळी साहेब आणि औषधवाला लॉन्ड्रीत हजर झाले. पुन्हा पत्रं पाठवायची, माफी मागायची, तर कोण बेडूक आणि कोण मामा हे कळायला हवं ना. ताई पडद्यांना इस्त्री करत होत्या. मोठे पडदे होते. त्यांनी दोघांना बाकड्यावर बसवलं आणि शेवटचा पडदा घडी होईपर्यंत वर पाहिलं नाही. काउंटरपाशी तीन गिऱ्हाइकं होती, तीही मुद्दाम रेंगाळली.

"खरी नावं सांगायला हवीत, ताई," साहेब म्हणाले. "प्रकरण हाताबाहेर गेलंय."

"सांगते की. वाचा एकेक."

औषधवाला वाचू लागला आणि ताई नावं सांगू लागल्या. नावाबरोबर जे काय आठवेल तेही त्या सांगत होत्या, आणि त्यांना सगळंच आठवत होतं. गिऱ्हाइकं खुदखुदत होती. पाचव्या पानावर औषधवाला अडखळला.

"रुमाल," तो पुटपुटला. "शेरा आहे, मधल्या सुट्टीत रडायचा, आईला कळवू नये. पत्ता मोठ्या शहरातला."

तिन्ही गिऱ्हाइकं साहेबांकडे बघू लागली. साहेबांचं पाकीट त्यांच्या शहरातल्या बंद घरी गेलं होतं, म्हणून त्यांना अजून कळलं नव्हतं.

"हे खोडता येईल का?" साहेबांनी हळूच विचारलं.

"शाईने लिहिलंय रे," ताई म्हणाल्या. चाळीस वर्षांनी त्या पहिल्यांदा त्यांना अरेतुरे करत होत्या. "तुला पोरं चिडवायची, मी माझा डबा घेऊन तुझ्याजवळ बसायचे. तुझी आई आमच्या घरी विचारायला आली होती, पोरगा शाळेत नीट असतो ना. मी म्हटलं, मजेत असतो. आता एक ऐक. या वहीत एक्केचाळीस जण माझ्यासारखे आहेत. कुणी सातवीत सोडली, कुणी आठवीत. त्यांना स्वयंसेवक म्हणून नाही, पाहुणे म्हणून बोलवायचं. तर मी पुढचं पान सांगते."

साहेबांनी मान हलवली. ती होकाराची होती की शरमेची, ते कळलं नाही, पण ताईंनी होकाराची धरली आणि पुढचं पान सांगितलं.

माफीची पत्रं गेली, पण त्यांची गरज नव्हती असं संमेलनाच्या दिवशी दिसलं. दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणसं आली तीनशेच्या वर. पूर्वीच्या कुठल्याही मेळाव्याला न फिरकलेले लोक हातात पाकीट घेऊन आले. छातीवर लावलेली नावं वाचून कुणी कुणाला ओळखेना, मग एकजण ओरडून विचारायचा, इथे डबाचोर कोण आहे, आणि लांबून एक टक्कल हात वर करायचं. न्यायाधीशांनी पाकीट खिशाला लावलं होतं आणि ज्याला त्याला ते चड्डी फाटल्याचा प्रसंग साग्रसंगीत सांगत होते. लोखंडवाला बायकोसकट आला होता. बायको त्याचा हात सोडत नव्हती.

एक बसमेकॅनिक तेवढा फाटकाबाहेर उभा होता. सातवीत शाळा सोडलेला. हात घासूनघासून धुतलेले, तरी नखांत ग्रीस. ताईंनी त्याला पाहिलं आणि बाहेर गेल्या.

"आत का येत नाहीस?"

"चुकून आलं असेल पत्र. मी काही पास नाही."

"मीही नाही. चल, खुर्च्या संपतील."

तो आत आला, मागच्या रांगेत बसला आणि दहा मिनिटांत त्याच्याभोवती आठ जण गोळा झाले. शाळेत त्यांच्या सायकली हाच दुरुस्त करायचा.

मग भाषण झालं. साहेबांनी माइक हातात घेतला आणि सांगितलं की टोपणनावांची पाकिटं ही कार्यकारिणीची अभिनव कल्पना होती, आपलेपणा परत आणण्यासाठी मुद्दाम राबवलेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. औषधवाल्यानेही टाळ्या वाजवल्या, नंतर ताईंकडे पाहिलं आणि थांबवल्या. स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर ताईंचाही उल्लेख होता. टेबलक्लॉथची धुलाई, सौजन्य.

सदस्यांचा ग्रुप फोटो निघाला तेव्हा अकरा बायकांनी आपल्या पर्सेस ताईंच्या हातात दिल्या. ताई झाडाखाली पर्सेस धरून उभ्या राहिल्या. आतले फोन एकामागून एक वाजत होते. नणंद फोटोत पुढच्या रांगेत होती. फोटोग्राफर म्हणाला, हसा, तर ती रांगेतून सरळ बाहेर आली, ताईंच्या हातातल्या सहा पर्सेस तिने घेतल्या आणि शेजारी उभी राहिली.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"ऊन लागत होतं," नणंद म्हणाली.

पुढच्या बैठकीला चार जण आले, त्याच्या पुढच्या बैठकीला साहेब आणि औषधवाला. तीन महिन्यांत साहेबांना शहरातल्या सोसायटीचं अध्यक्षपद मिळालं आणि ते गेले. एका सकाळी, नऊही वाजले नव्हते तेव्हा, औषधवाला वही घेऊन लॉन्ड्रीत आला, आधी तीनदा सॉरी म्हणाला आणि म्हणाला की कपाटात खोकल्याच्या औषधांचा स्टॉक ठेवायचाय.

ताईंनी वही घेतली. औषधवाल्याला बसवून त्यांनी फोन लावला. बसमेकॅनिकने डेपो बदलला असं कानावर आलं होतं आणि नवा पत्ता कुणाकडेच नव्हता.

"हॅलो, ताई बोलतेय," त्या म्हणाल्या. पलीकडचा बहुतेक घड्याळाकडे बघत असावा. "नाही रे बाबा, कुणी गेलं नाही. तू कुठे गेलास ते सांग."